बाल्कनीतली जागा

"बाल्कनी बंद आहे," मिसेस लाबॉर्ड म्हणाल्या.

"आमच्या वेळी उघडी असायची, बाई," एल्मोर म्हणाला. "बंद होतं ते खालचं दार. आम्हा काळ्यांना."

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोबील शहरातलं ते जुनं थिएटर आता संग्रहालय झालं होतं. दर शनिवारी दुपारी तिथे जुने सिनेमे लावून तेव्हाचं अमेरिकी जीवन दाखवत. काळ्यांचा बाजूचा जिना मात्र दोर बांधून अडवलेला. ऐंशी उलटलेला एल्मोर नदीपलीकडच्या गावाहून, नात रेनीटाला घेऊन, त्या जिन्यासाठीच आला होता.

"इथे खालीच बसा ना. आता कोण अडवतंय?" लाबॉर्डबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. "तुमच्या डाव्या गुडघ्याला जिना झेपायचा नाही."

"गुडघ्याची काळजी आत्ता वाटली?" एल्मोरनं खुर्चीत बसल्याबसल्याच विचारलं.

नव्वदीला टेकलेल्या बाई संग्रहालयाच्या अध्यक्ष. त्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "या सभागृहात सगळं शहर एकत्र बसून हसलं," त्यांनी वाचायला सुरुवात केली.

 एल्मोर काठी टेकत उठला.

"एकत्र? माझी आई बाजूच्या गल्लीत उन्हात उभी राहायची. कचऱ्याच्या डब्यांशेजारून वर चढायची. मरेपर्यंत तिला या दारातून कुणी आत घेतलं नाही. ते वाचा की."

सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं.

"आजोबा, बसा," रेनीटा पुटपुटली. "त्या गोऱ्या बाईंना काय ठाऊक?"

"सगळं ठाऊक आहे तिला."

लाबॉर्डबाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग त्या दारावरच्या माणसाला म्हणाल्या, "दोर सोडा. जाऊ दे त्यांना वर."

वर पोचेपर्यंत एल्मोरला दोनदा थांबावं लागलं. मधल्या चांगल्या खुर्च्या सोडून तो कठड्यालगत, अगदी कोपऱ्यात जाऊन बसला.

"इथून तर अर्धाच पडदा दिसतोय," रेनीटा कुरकुरली. "एवढं भांडलात ते यासाठी?"

"माझ्या आईनं पडदा कधी बघितलाच नाही."

दिवे मंदावले. खाली दुसऱ्या रांगेत लाबॉर्डबाई बसल्या. मागे न वळता त्यांनी हात मानेमागे नेला, अंबाड्यातला कंगवा काढला आणि परत खोचला.

त्या काळीही दर शनिवारी खाली असंच व्हायचं. मग आई वाकून छोट्या एल्मोरच्या कानात सांगायची, "बघ, तुझी ताई. उजळ रंगावर गोरी म्हणून राहते, पण खूण कधी चुकवत नाही."