रांजणाचं पहिलं वर्ष

"हे आपलं आणि हे त्यांचं. आता तूच बघ," असं म्हणत दादाने दोन कागद धाकट्या बहिणीच्या ताटाशेजारी ठेवले.

धाकटीचा घास हातातच राहिला. दोन्ही कागदांवर प्रोग्रामच्या चाळीस-चाळीस ओळी होत्या आणि त्या शब्दाला शब्द सारख्या होत्या. एखादं यंत्र बंद पडलं की सत्तेचाळीस सेकंद वाट पाहायची, मग त्यातला डेटा बाकीच्या यंत्रांवरच्या तुकड्यांतून पुन्हा जुळवायचा. सत्तेचाळीसच का, याला काही शास्त्र नव्हतं. कुणी पंचेचाळीस लिहिलं असतं, कुणी पन्नास.

"जाऊ दे ना, दादा. सात वर्षं झाली."

"जाऊ दे? तुझी डागडुजी आहे ती!"

डागडुजी हे त्या चाळीस ओळींचं लाडकं नाव. त्या आल्या आणि कोठाराचं नशीब फळफळलं. कोठार म्हणजे दादाने उभं केलेलं, डेटा साठवायचं फुकट सॉफ्टवेअर. ग्रंथालयं, दवाखाने, शाळा, कुणीही घ्यावं. मास्तरांचं रांजणही तसंच. दोघांची अटही एकच: घ्या, बदला, वाटा, पण ज्याचं त्याचं नाव पुसू नका.

मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवायचे, तेव्हाचं नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीला दोन्ही गटांचे अगदी गळ्यात गळे होते. नवं काही लिहिलं की जाहीर करण्याआधी एकमेकांना तपासायला द्यायचे. मग कुणाचं जलद आणि कुणाचं भरवशाचं यावरून कुरबुरी झाल्या, बोलणं तुटलं, आणि फुकटात राबणारी माणसं दोन्हीकडून गळू लागली. शेवटी दोघांनाही शहाणपण सुचलं. उद्याच्या बैठकीत कोठार आणि रांजण एक व्हायचे होते, आणि त्याच तयारीत दादाने दोन्हीकडच्या ओळी पहिल्यांदाच शेजारी ठेवून बघितल्या होत्या. प्रमुख म्हणून मास्तरांचं नाव जवळजवळ ठरलं होतं आणि दादाच्या पोटात नेमकं तेच दुखत होतं, पण हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नसतं.

"आपण मार्चमध्ये जाहीर केलं, त्यांनी जुलैमध्ये," दादा बोटं मोडत म्हणाला. "त्याआधी आपलं तपासायला कुणाकडे गेलं होतं? त्यांच्याचकडे. आपण विश्वासाने दिलं आणि यांनी तुझं नाव खरवडून स्वतःचं चिकटवलं."

"पण यावरून उद्याचं फिसकटलं तर? त्या दवाखान्यांनी काय करायचं?"

"काही फिसकटत नाही. फक्त मास्तर त्यात नसतील."

धाकटीने ताट बाजूला सारलं. आईवडिलांच्या मागे दादानेच तिला शिकवलं होतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी ती पोरगी, आणि डागडुजी आली तेव्हा चार मोठी माणसं उठून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती. दादाला त्या दिवशी रडू आवरलं नव्हतं. ते नाव कुणी चोरावं आणि वर प्रमुखही व्हावं, हे त्याला सहन होईना.

दुपारी ती चष्मा दुरुस्त करून आणते म्हणून बाहेर पडली, ती संध्याकाळी परतली. डोळे लाल झाले होते. मास्तरांनी तिलाही कॉलेजात शिकवलं होतं, बिचारीला लागलं असणार, असं दादाला वाटलं. त्याने तिला काही विचारलं नाही.

बैठकीला चाळीसेक माणसं होती. दादाने दोन्ही कागद भिंतीवरच्या पडद्यावर लावले आणि एक एक ओळ वाचून दाखवली. सत्तेचाळीसवर आला तेव्हा मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग ते दादाकडे न बघता धाकटीकडे वळले.

"तुला काही म्हणायचंय?"

"नाही," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"मग मलाही नाही. चूक माझी." त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "हे रांजणाचे सगळे पासवर्ड. माझं नाव काढून टाका. फक्त एकत्र येणं थांबवू नका."

ते निघाले तेव्हा कुणी उठलं नाही. सात वर्षं त्यांच्याबरोबर राबलेल्या रांजणवाल्यांनीसुद्धा माना फिरवल्या. एकाने तर त्यांनी पुढे केलेला हात न दिसल्यासारखं केलं. दादाने कंबर कसली होती ती मोठ्या भांडणासाठी. ते न झाल्यामुळे त्याला जरा चुकल्यासारखंच वाटलं. पण अर्ध्या तासात कोठार आणि रांजण एक झाले, दादा प्रमुख झाला, आणि सगळे त्याच्याभोवती जमले.

घरी येताच तो कॉम्प्युटरसमोर बसला. रांजणाचा सगळा इतिहास आता त्याच्या हाती आला होता. कोणती ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, सगळं त्यात होतं. पहिलं वर्षभर मास्तरांनी एकट्याने, घरच्या यंत्रावर काम केलं होतं. दादा मुद्दाम तिथूनच बघू लागला, आणि थांबला.

"अगं, इकडे ये! हे बघ, पहिलं वर्ष साफ कोरं! आपल्या त्या मार्चच्या आधीचं काहीच नाही. लेकाचा जाताजाता पुरावा पुसून गेला!"

धाकटी दारातच उभी राहिली.

"बोल की! यांना जन्मभर साठवण शिकवता आली आणि स्वतःचं एक वर्ष सांभाळता आलं नाही?" दादा हसत होता. "आता कुणी म्हणू दे, मी त्या माणसावर अन्याय केला म्हणून!"

"ते त्यांनी आपणहून नाही पुसलं, दादा," धाकटी म्हणाली. "मास्तरांची डागडुजी त्यात होती, मी त्यांच्याकडून तपासायला म्हणून आणली त्याच्याही आधीची. काल त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मीच ती पुसायला लावली."