येतं म्हणालेली

नांदेडच्या एका बियाणे कंपनीला आपली जुनी वेबसाइट नव्या फ्रेमवर्कमध्ये करून हवी होती. मुलाखतीत लुंबिनीनं "येतं की" म्हणून ठोकून दिलं अन् नोकरी मिळवली. आता पडद्यावरचं काही उमगत नव्हतं. मालक तासातासाला डोकावून विचारायचे, "कुठवर आलं?" अन् ती "होतंय, होतंय" म्हणून वेळ मारून न्यायची.

शेवटी तिनं ती जुनी वेबसाइट बनवणाऱ्या आनंदराजचा नंबर शोधून फोन लावला. तो आता बिलोलीला, आपल्या गावी असायचा. "उद्या सांगितलं तर चालंल का, ताई?" तो म्हणायचा, अन् दुसऱ्या दिवशी तिचं अडलेलं सगळं फोनवर बैजवार समजावून द्यायचा. असे वीस दिवस गेले.

नवी वेबसाइट सुरू झाली त्या दुपारी तिनं त्यालाच पहिला फोन केला. "सर, इतकं येत असताना तुम्ही इथली नोकरी सोडली कशाला?"

"सोडली न्हाई, ताई. मालकांनी विचारलं तवा 'हे फ्रेमवर्क येत न्हाई' म्हणालो, म्हणून त्यांनी काढलं. मग तुम्ही विचारत गेलात, तसं शिकत गेलो."