संहिताचं अकाउंट

उपाशी राहून बारीक होण्याचे व्हिडिओ बघत बघत तेरा वर्षांच्या संहिताने जेवण सोडलं आणि शेवटी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या आईने, सुप्रीताने, तिला रोज तेच दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या कंपनीवर केस केली.

राजाजीनगरमधले तिचे वकील म्हणाले, "अक्का, निकाल लागेपर्यंत तिचं अकाउंट बंद करू नका. तोच आपला पुरावा आहे."

"पण ते व्हिडिओ तर येतच राहतील."

"येऊ द्या. ते येतायत तोवरच आपली केस उभी आहे."

सुप्रीता घरी पोचल्यावर संहिता पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, "आई, मी ते अकाउंट डिलीट करून टाकू?"



वर्षभर हेच ऐकायला आसुसलेली सुप्रीता म्हणाली, "नको. राहू दे."