सहावा बोल्ट

दुपारपर्यंत पाच बोल्ट निघाले. निघाले म्हणजे मौला मिस्त्रीने ते छिन्नीने तोडले. सहावा मात्र शेगडीच्या पायामागे, अगदी सांदीत होता. तिथे छिन्नी बसत नव्हती की करवतीचं पातं शिरत नव्हतं. तो पान्ह्यानेच खोलायला हवा होता, आणि पान्हा लावला की नटाबरोबर बोल्टही जागच्या जागी गरागरा फिरत होता.

शेगडी हंबीरराव सुभेदारांची. पलटणीतून पेन्शनीत आल्यावर त्यांनी साताऱ्याच्या स्टँडजवळ हॉटेल काढायचं मनावर घेतलं होतं. मेसमध्ये खाल्लेली जाळीवरची कोंबडी इथल्या लोकांना खाऊ घालायची होती. त्यासाठी डोंगरावरच्या एका बंद बंगल्याच्या परसातून त्यांनी ही गॅसची लोखंडी शेगडी टेम्पोत घालून आणली. चांगली ट्रंकेएवढी होती. आठ पावसाळे तिने उघड्यावर काढले होते. झाकण गंजून अंगाला चिकटलं होतं, म्हणून आतल्या दुरुस्तीसाठी सहा बोल्टांचा तळाचा पत्रा काढायचा होता. आत हात घालायला एकच वाट उरली होती, गॅसची नळी शिरते ते भोक. सोमवारी हॉटेल सुरू व्हायचं होतं, आणि आज शुक्रवार होता.

जुम्म्याची नमाज उरकून मौला पुन्हा आपल्या परसात शेगडीपुढे बसला. सकाळपासून त्याने नटाला रॉकेल पाजलं होतं, बत्तीने शेक दिला होता, हातोडीने ठोकून पाहिलं होतं. असलं काम दोघांचं. एकाने बाहेरून नट फिरवायचा, दुसऱ्याने आतून बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं. वीस वर्षं आतली बाजू रहिमतबीने, त्याच्या बायकोने, सांभाळली होती. तिचा हात अरुंद. पुरुषाचा हात जात नाही तिथे तो सहज जायचा. चुलीपुढून उठून, पदराला हात पुसून ती पलीकडे येऊन बसायची आणि तोंडाने काही बोलायची नाही. मौलाने पान्हा ओढला की आधी अर्ध्या आट्याची ढील लागायची आणि मग बोल्ट गच्च व्हायचा. तेवढ्यावर तिने धरलंय हे त्याला कळायचं.

गेल्या रमजानात ती गेली. तेव्हापासून आतून धरायची कामं मौला माघारी पाठवत होता. पण तिच्या जनाज्याला हंबीररावांनी खांदा दिला होता. त्यांना नाही कसं म्हणणार?

त्याने पान्हा बसवला आणि ओढला. बोल्ट फिरला. पुन्हा ओढला, पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा अर्ध्या आट्याची ढील लागली आणि बोल्ट गच्च झाला.

नट करकरला. गंजाचा भुगा मौलाच्या गुडघ्यावर पडला.

तो थांबला. डोकं आत कशात तरी अडकलं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पान्हा काढून त्याने हात झटकले, विडी पेटवली, अर्ध्यातच विझवली. मग पान्हा परत बसवला. आधी ढील, मग गच्च. नळीच्या भोकावर कोळ्याचं जाळं होतं. त्यात एक वाळकं चिलट लटकलेलं. जाळ्याचा एक धागासुद्धा तुटलेला नव्हता.

वाकून, जाळं बाजूला सारून आत पाहायला मौलाला कुणी अडवलं नव्हतं. तो वाकला नाही. नट फिरवत राहिला.

नट शेवटच्या आट्यावर आला. आणखी एक फेरा दिला असता तर तो हातात पडला असता, तळाचा पत्रा सुटला असता, आणि शेगडीच्या पोटात परसातलं ऊन शिरलं असतं. मौलाने पान्हा उलटा धरला आणि नट हळूहळू परत आवळायला लागला. आतली पकडही उलट्या अंगाला वळली, वळायला हवी तशी.

त्याने नट आवळला, मग ढिला केला, मग पुन्हा आवळला. ऊन भिंतीवरून कौलांवर गेलं. असरची अजान झाली तरी तो उठला नाही.

दिवेलागणीच्या आधी हंबीरराव सायकलवरून आले. पोत्यावर मांडलेले पाच तुटके बोल्ट त्यांनी पाहिले, आणि जागच्या जागी असलेला पत्राही पाहिला. काम कुठवर आलं, असं त्यांनी विचारलं. मौलाने मान वर न करता एकच राहिलाय, निघत नाही, असं सांगितलं.

हंबीरराव खाली बसले. त्या एका नटावर गंजाचा कणसुद्धा नव्हता. बोल्टाचे आटे पितळेगत चमकत होते. मग त्यांनी मौलाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आतनं धराय माणूस पायजे असंल तर सांग गड्या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सकाळी पुतण्याला धाडतो."

मौलाने पान्हा नटावर बसवला आणि हलकेच ओढून अर्धा आटा वाट पाहिली.

"नगं, सुभेदार," तो म्हणाला. "माणूस हाय."