अकरा सेकंद

एक्स-रे सेंटरमध्ये बाबांचं काम एकच. रोज दीड-दोनशे पेशंटच्या नावाचे फोल्डर करायचे, ज्याचा एक्स-रे त्याच्या फोल्डरात टाकायचा आणि जुने फोल्डर महिन्यावार लावून ठेवायचे. एकोणीस वर्षं माउस फिरवून फिरवून त्यांचं उजवं मनगट पार कामातून गेलं होतं. हल्ली चहाचा कपसुद्धा ते डाव्या हातानेच उचलायचे.

लेकीला ते बघवेना. तीन रविवार खर्ची घालून तिने हे सगळं काम आपोआप करणारी एक कॉम्प्युटर स्क्रिप्ट लिहिली, बाबांना न सांगता थेट सेंटरवर जाऊन थडकली आणि त्यांच्या खुर्चीत बसून एक कमांड दिली. काळ्या स्क्रीनवर ओळी सरसर धावल्या. फोल्डर तयार झाले, एक्स-रे आपापल्या जागी जाऊन बसले, जुनं सगळं महिन्यावार लागलं.

"बाबा, अकरा सेकंद! सुटलात तुम्ही!"

मागे उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "कमाल केलीस गं पोरी!" त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं आणि विचार करत करत आपल्या केबिनमध्ये गेल्या.

बाबांनी सुजलेला हात लेकीच्या डोक्यावरून फिरवला. केबिनचं दार नीट लागलंय ना, हे बघून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,



"बाळा, हे जरा सावकाश चालेल, असं काही करता येईल का गं? मला अजून सहा वर्षं काढायची आहेत."