तांब्याभर पाणी

मायाप्पाची एकुलती एक लेक त्याला 'बा' म्हणायची. जत तालुक्याच्या पार टोकाला, कानडी बोलणाऱ्या घरात दिली होती. पहिल्याच बाळंतपणात गेली. तेव्हापासून म्हाताऱ्याचं पाऊल त्या दारात पडलं नव्हतं.

आज वडापातून उतरून तो नातीला भेटायला आला. चार वर्षांची रेणुका, तोंडात सगळं कानडीच. रीतीप्रमाणं तिनं पाय धुवायला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि आत पळत जाऊन हाक मारली, "अज्जा, बा!"

कानडीत 'बा' म्हणजे 'ये'.

म्हातारा सावकाश पायावर पाणी घेत राहिला. पोरगी पुन्हा म्हणाली, "बा!" तांब्या रिकामा झाला, तरी हा आपला उंबऱ्याबाहेरच.

जावई बाहेर आला. "आवं मामा, ती आत बोलावतीया तुमास्नी. सारा जन्म कानडी बाजारात मेंढरं इकलीसा, आन् येवढं कळंना व्हय?"

मायाप्पानं धोतराच्या सोग्यानं डोळं पुसलं.

"इसारलो बगा, पावणं. म्हनू दे की तिला आनखी एकदा."