चंद्रावरची संकष्टी

"सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही, पण चंद्रावर मीही जाऊन आलोय!" गजाभाऊंनी गुहागरच्या पारावर ठोकून दिलं.

वर्षानुवर्षं गाव संध्याकाळी त्यांच्याच गप्पा ऐकायला जमायचं. पण चंद्रावरच्या दवाखान्यातली नर्स सुलभा केतकर रजेवर आली आणि माणसं त्यांच्याकडे पाठ करून तिच्याभोवती बसू लागली. "मग पुढे?" हे गजाभाऊंच्या हक्काचं वाक्य आता तिला मिळायचं. त्यांच्या पोटात नुसतं दुखायचं.

आज माना वळल्या, तसे ते रंगात आले. "तिथंही मी संकष्टी मोडली नाही. इथे चंद्र उगवल्यावर उपास सोडतो, तिथे पृथ्वी उगवल्यावर. डोंगराआडून वर आली ती, चांगली परातीएवढी! नमस्कार केला, मगच मोदकाला हात लावला."

"मग पुढे?" बाबल्या खोताने विचारलं. गजाभाऊ सुखावले.

सुलभा खो खो हसली. "अहो गजाभाऊ, आमच्या वस्तीवर पृथ्वी उगवतही नाही नि मावळतही नाही. आकाशात एकाच जागी राहून महिनाभर कलेकलेने वाढते नि घटते. ती उगवायची वाट बघितली असेल, तर तुम्ही अजून उपाशीच!"